पापागेनोच्या घंट्या

व्हिएन्ना शहराच्या तटबंदीबाहेर, वीडेन नावाच्या उपनगरातील एका नाट्यगृहात ३० सप्टेंबर १७९१ रोजी मोझार्टच्या 'जादूची बासरी' या संगीतिकेचा पहिला प्रयोग झाला. संहिता लिहिणारा एमानुएल शिकानेडर हाच त्या नाट्यगृहाचा चालक होता आणि पापागेनो या पाखरे धरणाऱ्या पारध्याची भूमिकाही त्याने स्वतःकडेच ठेवली होती. संगीतिकेचा नायक आहे राजपुत्र टामिनो. ज्ञानाच्या मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून तो मौनाच्या, अग्नीच्या आणि जलाच्या कसोट्यांना सामोरा जातो. पापागेनोला असल्या कसोट्यांत रस नाही. पोटभर अन्न, घोटभर मद्य आणि जिवाभावाची बायको एवढेच त्याचे मागणे. संस्कृत नाटकातल्या विदूषकाशी किंवा आपल्या तमाशातल्या सोंगाड्याशी त्याचे नाते सहज जुळावे.

दुसऱ्या अंकाच्या अखेरीस या विनोदी पात्रावर एक वेगळाच प्रसंग येतो. पापागेना त्याला दिसते आणि लगेच त्याच्यापासून हिरावली जाते. तिच्यावाचून जगण्यात अर्थ नाही असे ठरवून तो जीव द्यायला निघतो. निघतो खरा, पण रेंगाळतो. कोणी तरी आपली कीव करावी, कोणी तरी 'थांब' म्हणावे यासाठी तो आजूबाजूला विचारत राहतो. मग एक ते तीन आकडे मोजतो, आणि तेही सावकाश, दोन आकड्यांमध्ये भरपूर जागा सोडून. प्रेक्षक हसतात. कोणीच येत नाही असे पाहून तो पुढे होतो आणि नेमक्या त्या वेळी तीन मुलगे येऊन त्याला थांबवतात. ते त्याला एका गोष्टीची आठवण देतात: तुझ्याजवळ जादूच्या घंट्या आहेत, त्या वाजव. घंट्या त्याला पहिल्याच अंकात मिळालेल्या असतात. दुःखाच्या भरात तो त्या विसरलेला असतो. तो त्या वाजवतो आणि पापागेना येते.

याच्या थोडे आधी याच तीन मुलग्यांनी आणखी एका व्यक्तीला वाचवलेले असते. टामिनो मौनव्रतामुळे आपल्याशी बोलत नाही, हे ठाऊक नसलेली राजकन्या पामिना त्याचे प्रेम आटले असे समजून जीव द्यायला निघते. मुलगे तिला अडवतात, तिला ठाऊक नसलेली गोष्ट सांगतात आणि तिला सोबत घेऊन टामिनोकडे जातात. एकाच अंकात मदतीच्या या दोन तऱ्हा आहेत. एका ठिकाणी विसरलेल्या गोष्टीची आठवण, दुसऱ्या ठिकाणी खरी बातमी आणि सोबत. दोन्ही ठिकाणी उपदेश फार थोडा. या मुलग्यांना संहितेत नावेही नाहीत.

हा प्रसंग आज केवळ संगीताच्या अभ्यासकांचा राहिलेला नाही. २०१० साली व्हिएन्नातील काही संशोधकांनी पापागेनोचे नाव मानसिक आरोग्याच्या परिभाषेत कायमचे आणले. १७९१ आणि २०१० या दोन सालांच्या मध्ये त्याच शहरात खचलेल्या माणसाला आधार कसा द्यावा याचे जे प्रयोग झाले, त्यांचा इतिहास साहित्याच्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी मुद्दाम वाचावा असा आहे. कारण त्या इतिहासात डॉक्टरांच्या बरोबरीने शाळा आहे, शिक्षक आहे, वर्तमानपत्र आहे, आणि गोष्ट कशी सांगावी हा आपल्या विषयाचा मूळ प्रश्नही आहे.

*

पापागेनोच्या आधी वेर्थर येतो. गटेची 'तरुण वेर्थरची दुःखे' ही कादंबरी १७७४ साली लायपझिगला प्रसिद्ध झाली तेव्हा लेखक पंचविशीत होता. पत्रांच्या रूपात लिहिलेली ही कादंबरी युरोपभर गाजली. तरुण मुले वेर्थरसारखा निळा कोट आणि पिवळे जाकीट घालू लागली. काहींनी त्याचा शेवटही गिरवला अशी बोलवा झाली. लायपझिगच्या नगरसभेने १७७५ साली कादंबरीच्या विक्रीवर बंदी घातली. अशा घटना खरोखर किती घडल्या आणि कर्णोपकर्णी किती वाढल्या, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. तरीही एक गोष्ट अशा तऱ्हेने सांगता येते की वाचणाऱ्याला शेवट अटळ आणि सुंदर वाटू लागतो, ही शंका तेव्हापासून युरोपीय साहित्यविचारात ठाण मांडून बसली.

शंकेला आकड्यांचा आधार मिळायला दोनशे वर्षे लागली. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डेव्हिड फिलिप्स यांनी १९७४ साली एका शोधनिबंधात दाखवले, की 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पहिल्या पानावर आत्महत्येची बातमी ठळकपणे आली की त्यानंतरच्या काळात देशातील अशा मृत्यूंची संख्या अपेक्षेपेक्षा वाढते. बातमीला जितकी अधिक प्रसिद्धी, तितकी वाढ अधिक. या परिणामाला त्यांनी नाव दिले 'वेर्थर परिणाम'. साहित्यातले एक पात्र असे समाजशास्त्रात गेले. पण गोष्टीमुळे नुकसान होत असेल तर गोष्टीमुळे आधारही मिळत असला पाहिजे, हा साधा व्यत्यास मांडण्याचे काम पुन्हा व्हिएन्नाकडे आले. तिथे त्याची तयारी फार आधीपासून चालू होती.

*

विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनभाषक प्रदेशात विद्यार्थ्यांच्या आत्महत्या हा मोठ्या चिंतेचा विषय झाला होता. कडक शिस्तीच्या माध्यमिक शाळा, लॅटिन-ग्रीकची घोकंपट्टी, वार्षिक परीक्षेतील नापासाचा शिक्का या साऱ्यांचे पडसाद साहित्यात उमटत होते. फ्रांक वेडेकिंड याचे 'वसंताची जाग' हे नाटक १८९१ साली छापले गेले, पण रंगभूमीवर यायला १९०६ साल उजाडावे लागले. त्यातला मोरिट्झ हा शाळकरी मुलगा अभ्यासाच्या ओझ्याखाली संपतो. त्याच १९०६ साली हेर्मान हेसेची 'चाकाखाली' ही कादंबरी आली. हुशार, होतकरू मुलगा शिक्षणव्यवस्थेच्या चाकाखाली कसा चिरडला जातो, हाच तिचा विषय.

या पार्श्वभूमीवर एप्रिल १९१० मध्ये व्हिएन्नाच्या मनोविश्लेषण मंडळाने दोन बैठका याच प्रश्नासाठी घेतल्या. चर्चेची सुरुवात डॉक्टरने केली नाही, शिक्षकाने केली. डेव्हिड एर्न्स्ट ओपेनहाइम हे व्हिएन्नातील एका नामांकित माध्यमिक शाळेत ग्रीक आणि लॅटिन शिकवीत. लोककथांतील स्वप्नांवर त्यांनी पुढे फ्रॉइडबरोबर एक निबंधही लिहिला. चर्चेची पुस्तिका निघाली तेव्हा त्यांनी आपले नाव घातले नाही. 'ऊनुस मुल्टोरुम', म्हणजे 'अनेकांपैकी एक', या लॅटिन टोपणनावाने त्यांचे भाषण छापले गेले. सगळा दोष शाळेच्या माथी मारण्याच्या तेव्हाच्या रूढीला त्यांनी विरोध केला. मृत्यूच्या क्षणी जवळ असलेले कारण आणि मुळाशी असलेले कारण एकच असते असे नाही, हा त्यांच्या म्हणण्याचा रोख.

फ्रॉइडने ओपेनहाइमांचा मुद्दा मान्य केला, पण शाळेला तेवढ्यावर सोडले नाही. शाळेने मुलांना मृत्यूकडे ढकलू नये एवढेच पुरेसे नाही, असे त्याचे म्हणणे होते. घराशी असलेले नाते सैल होण्याच्या वयात शाळेने मुलाला आधार दिला पाहिजे, जगण्याची इच्छा जागी केली पाहिजे, बाहेरच्या जगाविषयी कुतूहल निर्माण केले पाहिजे. वाढीच्या एखाद्या टप्प्यावर, तो इतरांना न आवडणारा असला तरी, थोडे रेंगाळण्याचा अधिकार मुलाला नाकारता येणार नाही. आयुष्यातली निष्ठुर अटळता शाळेने स्वतःच्या अंगी बाणवू नये. शाळा हा आयुष्याचा खेळ असावा, त्याहून अधिक काही होण्याचा तिने हट्ट धरू नये. पापागेनोचे सावकाश आकडे मोजणे आठवले म्हणजे 'रेंगाळण्याचा अधिकार' या कल्पनेचे मोल कळते. वाचवणारे येईपर्यंत वेळ जावा लागतो, आणि तो वेळ देणे ही व्यवस्थेची जबाबदारी असते.

मंडळाने चर्चेअंती काही ठाम निष्कर्ष काढला नाही. शोकात आणि विषादात मनाचे नेमके काय होते हे समजल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, असे म्हणून फ्रॉइड थांबला. त्याचा 'शोक आणि विषाद' हा निबंध १९१७ साली प्रसिद्ध झाला. सिद्धान्त पुढे गेला. शाळेतल्या मुलासाठी प्रत्यक्ष काय करायचे, हा प्रश्न मात्र शिल्लक राहिला.

*

त्याला उत्तर देण्याचा प्रयत्न केला तो एका तेवीस वर्षांच्या वैद्यकीय विद्यार्थ्याने. व्हिक्टर फ्रँकल यांचा जन्म १९०५ साली व्हिएन्नातच झाला. पहिल्या महायुद्धानंतरचे व्हिएन्ना हे समाजवादी नगरपालिकेचे शहर होते. कामगारांची घरे, बालकल्याण, शाळांमधील सुधारणा यांवर नगरपालिका खर्च करीत होती. पण बेकारी आणि महागाई यांनी घरे पोखरलेली होती. १९२८ साली फ्रँकल यांनी तरुणांसाठी सल्लाकेंद्रे सुरू केली. केंद्र म्हणजे स्वतंत्र इमारत नव्हे. डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ, शिक्षक यांनी आपापल्या घरी किंवा कचेरीत आठवड्यातले काही तास राखून ठेवायचे, आणि ज्याला बोलावेसे वाटेल त्या मुलाने तिथे यायचे. फी नाही, नाव सांगण्याची सक्ती नाही. शार्लोट ब्यूलर यांच्यासारख्या नामवंत मानसशास्त्रज्ञांनी यात भाग घेतला. व्हिएन्नाचा कित्ता पुढे युरोपातील इतर काही शहरांनीही गिरवला.

फ्रँकल यांच्या लक्षात आले, की मुलांच्या मनावरचा ताण वर्षभर सारखा नसतो. प्रगतिपुस्तके हाती पडतात त्या दिवसांत तो टोकाला जातो. १९३० पासून त्यांनी शाळांच्या निकालाच्या दिवसांवर खास लक्ष दिले. कुठे जायचे, कोणाशी बोलायचे, हे निकालाच्या आधीच मुलांपर्यंत पोचेल अशी व्यवस्था केली. पुढच्या वर्षी व्हिएन्नात, कित्येक वर्षांत प्रथमच, निकालाच्या काळात एकाही विद्यार्थ्याने जीव दिला नाही, अशी नोंद फ्रँकल यांनी केली आहे. हे सारे श्रेय एकट्याचे मानण्याचे कारण नाही. शहरात इतरही लोक हे काम करीत होते, आणि फ्रँकल यांच्या स्वतःविषयीच्या कथनाची चिकित्सा इतिहासकारांनी केली आहे. परंतु या योजनेतील विचार आजही ताजा आहे. संकट येऊन गेल्यावर धावून जाण्यापेक्षा ते ज्या तारखेला येणार हे सर्वांना ठाऊक असते, त्या तारखेच्या आधी उभे राहणे, हा तो विचार. दहावी-बारावीचे निकाल कोणत्या आठवड्यात लागतात हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असते. त्या आठवड्यात मुलांसाठी कोण मोकळे असेल, हे किती शाळांच्या फलकांवर लिहिलेले असते?

पुढची कथा अंधाराची आहे. १९३८ साली ऑस्ट्रिया नाझी जर्मनीत सामील केला गेला. ओपेनहाइम आणि फ्रँकल दोघेही ज्यू. १९४२ साली दोघांचीही रवानगी तेरेझीनश्टाट येथील छावणीत झाली. 'अनेकांपैकी एक' असलेला तो ग्रीक-लॅटिनचा शिक्षक १९४३ साली तिथेच मरण पावला. फ्रँकल यांनी त्याच छावणीत नव्याने आणल्या जाणाऱ्या कैद्यांना पहिल्या धक्क्यातून सावरण्यासाठी एक गट उभा केला. रेजिना योनास, ज्यू धर्माच्या इतिहासातील पहिल्या स्त्री-धर्मगुरू, या कामात त्यांच्याबरोबर होत्या. गाड्यांतून उतरणाऱ्या भेदरलेल्या माणसांना त्या भेटत आणि त्यांच्याशी बोलत. पुढे त्यांना आउश्वित्झमध्ये मारण्यात आले. फ्रँकल वाचले, त्यांचे आईवडील, पत्नी आणि भाऊ वाचले नाहीत. १९४६ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे छावणीतील अनुभवांचे पुस्तक आज जगभर वाचले जाते. ते वाचताना त्याच्यामागे निकालाच्या दिवसांत शाळकरी मुलांसाठी दार उघडे ठेवणारा एक तरुण होता, हे मात्र सहसा कोणाच्या ध्यानात नसते.

*

युद्धानंतर १९४८ साली, बाँबहल्ल्यांच्या खुणा अंगावर असलेल्या याच शहरात एर्विन रिंगेल या सत्तावीस वर्षांच्या डॉक्टरने एक केंद्र सुरू केले. त्याच्या जर्मन नावात एक शब्द होता ज्याचा सरळ अर्थ 'जगण्याला थकलेला' असा होतो. आपल्याकडे 'जिवाला कंटाळणे' म्हणतात, त्याच्या फार जवळचा. युरोपातले अशा प्रकारचे हे पहिल्या केंद्रांपैकी एक. रिंगेलने वाचवल्या गेलेल्या ७४५ व्यक्तींशी बोलून त्यांच्या मनःस्थितीचा अभ्यास केला आणि १९५३ साली तो प्रसिद्ध केला. त्याच्या निष्कर्षातला मध्यवर्ती शब्द आहे आकुंचन. माणसाचे जग हळूहळू आक्रसत जाते. नाती कमी होतात, आवडी गळून पडतात, पुढच्या शक्यता एकेक करून दिसेनाशा होतात. शेवटी एकच वाट उरल्यासारखी वाटते. मरण हवेसे झालेले असते असे नव्हे. बाकी काही दिसत नसते.

घंट्या खांद्याला असूनही पापागेनोला त्या दिसत नाहीत, याला शास्त्राच्या भाषेत रिंगेलचे आकुंचन म्हणता येईल. मदत करणाऱ्याचे पहिले काम मग स्पष्ट होते. त्या माणसाच्या दुःखाशी वाद घालायचा नाही, 'असा विचार करू नये' असे बजावायचे नाही. आक्रसलेले जग बोटभर रुंद करायचे. १९६० साली व्हिएन्नातच आत्महत्या-प्रतिबंधासाठी आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत रिंगेल अग्रभागी होता.

ऐकण्याचे हे काम तज्ज्ञाखेरीज कोणाला जमते काय, या प्रश्नाचे उत्तर मात्र त्याच काळात लंडनमध्ये मिळाले, आणि तेही अनपेक्षितपणे. चॅड व्हारा या धर्मोपदेशकाने नोव्हेंबर १९५३ मध्ये आपल्या चर्चमध्ये एक दूरध्वनी ठेवला आणि जगणे असह्य झालेल्यांनी फोन करावा असे जाहीर केले. माणसे प्रत्यक्षही येऊ लागली. त्यांना ताटकळावे लागे, म्हणून काही साधे स्वयंसेवक बाहेरच्या खोलीत त्यांना चहा देत, गप्पा मारीत बसू लागले. काही आठवड्यांत व्हारांच्या लक्षात आले, की चहाबरोबर आपले म्हणणे कोणी तरी शांतपणे ऐकून घेतल्यावर बऱ्याच जणांना आत येण्याची गरजच उरत नाही. फेब्रुवारी १९५४ मध्ये त्यांनी फोन घेण्याचे काम स्वयंसेवकांकडे सोपवले. 'समॅरिटन्स' या संस्थेचा जन्म असा झाला. भारतात लक्ष्मी विजयकुमार यांनी १९८६ साली चेन्नईत स्थापन केलेली 'स्नेहा' ही संस्था याच परंपरेतली. तज्ज्ञाची गरज यामुळे संपत नाही. तीव्र आजारात औषध आणि डॉक्टर लागतातच. पण डॉक्टरपर्यंत पोचण्याआधीचा जो लांब पल्ला असतो, तो नाव नसलेल्या तीन मुलग्यांसारख्या माणसांच्या सोबतीनेच पार करता येतो.

*

आता पुन्हा व्हिएन्नाकडे, आणि गोष्टीकडे. शहराची भुयारी रेल्वे १९७८ साली सुरू झाली. १९८० च्या दशकाच्या मध्यावर तिथे घडणाऱ्या आत्महत्यांची संख्या वाढू लागली, आणि वर्तमानपत्रे त्यांची वर्णने मोठ्या मथळ्यांनी, छायाचित्रांसह, भडकपणे देऊ लागली. गेर्नोट सोनेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली पत्रकारांसाठी काही सूचना तयार केल्या. घटना कशी घडली याचा तपशील देऊ नका. मृत्यूला एकच सोपे कारण चिकटवू नका. मृत व्यक्तीला नायक करू नका. मदत कुठे मिळते ते लिहा. वर्षाच्या मध्यापासून बहुतेक वर्तमानपत्रांनी त्या पाळल्या. सहा महिन्यांत भुयारी रेल्वेतील आत्महत्या आणि तसे प्रयत्न ऐंशी टक्क्यांहून अधिक घटले. शहर तेच, रेल्वे तीच. बदलले होते ते निवेदन.

२०१० साली थोमास निडरक्रोटेनथालर आणि सहकाऱ्यांनी, ज्यांत सोनेकही होते, ऑस्ट्रियातील अकरा मोठ्या वर्तमानपत्रांत २००५ च्या पूर्वार्धात आलेल्या ४९७ वृत्तांतांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तज्ज्ञांची मते, साथ पसरल्याची भाषा, पुनःपुन्हा येणारी तीच बातमी यांच्यानंतर संख्या वाढलेली दिसत होती. पण एका प्रकारच्या वृत्तांतांचे नाते घटीशी होते. ज्यांच्या मनात जीव देण्याचे विचार आले, पण ज्यांनी तसे काही न करता त्या काळातून वाट काढली, अशा माणसांच्या त्या गोष्टी होत्या. संशोधकांनी या परिणामाला नाव दिले 'पापागेनो परिणाम'. अभ्यास सहसंबंधाचा आहे, कार्यकारणाचा अंतिम पुरावा नाही, हे त्यांनीही सांगितले आहे. तरी दोनशे छत्तीस वर्षांपूर्वीच्या वेर्थरला उत्तर म्हणून त्याच शतकातला एक सोंगाड्या उभा राहावा, ही घटना साहित्याच्या अभ्यासकाने नोंदवून ठेवावी अशीच आहे.

*

मग वर्गात आपण काय करतो? व्हर्जिनिया वुल्फ शिकवताना आपण बहुधा १९४१ पासून मागे येतो. शेवट आधी सांगतो आणि प्रत्येक कादंबरीत त्याच्या खुणा शोधतो. सिल्व्हिया प्लाथच्या कवितांचे तर वाचनच अनेकदा मृत्यूच्या चष्म्यातून होते. हे वेर्थरी निवेदन आहे. शेवट अटळ होता, आणि प्रतिभेची ती किंमतच होती, असे ते नकळत सुचवते. बाकावर बसलेल्यांपैकी कोण कोणत्या मनःस्थितीत ते ऐकत आहे, हे आपल्याला ठाऊक नसते.

याच चरित्राचे दुसरे निवेदन शक्य आहे, आणि ते अधिक खरे आहे. १९१३ ते १९१५ या काळात वुल्फ अत्यंत आजारी होत्या. त्यानंतर त्या पाव शतक जगल्या. १९१७ साली लेनर्ड वुल्फ यांनी हाताने चालवायचे एक लहान छपाईयंत्र घरी आणले. लिहिण्याच्या ताणातून मनाला विसावा मिळावा, हात गुंतून राहावेत, हा त्यामागचा एक हेतू होता. दोघांनी जेवणाच्या खोलीत खिळे जुळवायला सुरुवात केली आणि त्यातून 'होगार्थ प्रेस' उभी राहिली. 'मिसेस डॅलोवे' १९२५ ची, 'टू द लाइटहाउस' १९२७ ची, 'द वेव्ह्ज' १९३१ ची. ही सारी पुस्तके त्या मोठ्या आजारानंतरची, आणि तिन्ही त्याच छापखान्याच्या नावाने निघालेली. ते यंत्र म्हणजे पापागेनोच्या घंट्या होत्या असे मी म्हणेन. अखेरच्या आजारात त्या पुरल्या नाहीत, हे खरे. पण पंचवीस वर्षे पुरल्या, हेही तितकेच खरे, आणि आपण सांगायचे विसरतो ते हेच.

मराठीत 'जीव देणे' हा शब्दप्रयोग आहे, आणि 'जिवाला जीव देणे' हाही आहे. पहिल्यात माणूस एकटा असतो. दुसऱ्यात समोर कोणी तरी आहे. जीव लावणे, जीव रमणे, जिवात जीव येणे असे कितीतरी प्रयोग आपल्या भाषेने या दुसऱ्या बाजूला जमा करून ठेवले आहेत. बोलायला शब्द नाहीत, ही तक्रार मराठी माणसाला करता येणार नाही. अडते ते विचारण्यापाशी. एखादा विद्यार्थी वर्गाला येईनासा झाला, लिहिणे थांबले, आवडीच्या वस्तू वाटून टाकू लागला, 'माझ्यावाचून कोणाचे अडणार आहे' असे बोलू लागला, तर त्याला एकांतात सरळ विचारावे: जगणे नकोसे झाले आहे का? जीव द्यावा असे मनात येते का? विचारल्याने तो विचार मनात रुजतो ही समजूत चुकीची आहे. आजवरचे संशोधन तिला दुजोरा देत नाही. उलट विचारल्याने बोलण्याची वाट मोकळी होते. उत्तर 'हो' आले तर त्याला एकटे सोडू नये, त्याच्या विश्वासातल्या एखाद्या व्यक्तीला सामील करून घ्यावे आणि डॉक्टरपर्यंत आपण सोबत जावे. पामिनाला मुलग्यांनी पत्ता लिहून दिला नाही, तिला घेऊन गेले. 'कोणाला सांगणार नाही' असे वचन मात्र अशा वेळी देऊ नये.

कायदाही बदलला आहे. आत्महत्येचा प्रयत्न हा आपल्याकडे दीर्घकाळ गुन्हा होता. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरायला सांगितले आणि तिची काळजी घेण्याची जबाबदारी शासनावर टाकली. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पूर्वीचे ते कलम त्या रूपात उरलेले नाही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक असावा, असे त्यांत म्हटले आहे. साध्या माणसांच्या ऐकण्याचे मोलही आपल्या शेजारीच तपासले गेले आहे. गोव्यात १९९६ साली स्थापन झालेल्या 'संगथ' या संस्थेने वैद्यकीय पदवी नसलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांना प्रशिक्षण दिले, आणि अशा कार्यकर्त्यांच्या मदतीने सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या नैराश्याच्या व चिंतेच्या रुग्णांत चांगली सुधारणा होते, असे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. केंद्र शासनाची 'टेली-मानस' ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. १४४१६ हा तिचा क्रमांक. तो विनामूल्य आहे, रात्रंदिवस चालू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येते. स्वतःसाठी फोन करता येतो, तसाच दुसऱ्याची काळजी वाटते म्हणूनही करता येतो.

ऐकणाऱ्यालाही ऐकणारा लागतो, हे अखेरीस सांगितले पाहिजे. समॅरिटन्सचे स्वयंसेवक पाळी संपल्यावर ऐकलेले ओझे सहकाऱ्यांपाशी उतरवून मगच घरी जातात. आपल्या महाविद्यालयांत विद्यार्थ्याचे दुःख ऐकणारा शिक्षक बहुधा एकटाच ते घेऊन फिरतो. विभागातल्या दोघा-तिघांनी हे काम वाटून घेतले, निकालाच्या आठवड्यात कोण कोणत्या वेळी खोलीत असेल हे आधी ठरवून फलकावर लावले, आणि महिन्यातून एकदा आपापसांत बसून बोलले, तर १९२८ च्या व्हिएन्नातली योजना आपल्याकडेही पैशाविना सुरू होऊ शकते. तिला संस्थेचे नाव असण्याचीही गरज नाही. ओपेनहाइमांनी सही करताना जे लिहिले, तेवढे पुरे: अनेकांपैकी एक.